सांगलीत घर घेताना शाळा बघताय? या चुका टाळा

फ्लॅट बघायला आपण बहुधा रविवारी जातो. रस्ता मोकळा असतो आणि एजंट सांगतो, "शाळा काय, पाच मिनिटांवर." तेच अंतर सोमवारी, शाळा भरायच्या वेळेला चालून बघा. मी विश्रामबागेत एका शाळेच्या फाटकापाशी असाच उभा राहिलो होतो. रिक्षा, व्हॅन, दुचाक्या सगळ्या रस्त्यातच. दुसरी-तिसरीतली एक मुलगी पाण्याची बाटली छातीशी धरून पलीकडे जायला वाट बघत होती. चारदा पाऊल पुढे टाकलं, चारदा मागे घेतलं. रस्त्यापलीकडचा फ्लॅट दीड लाखाने स्वस्त होता, तरी तो मी त्याच दिवशी सोडला.

पाटीवर विसंबणं ही त्याहून महागात पडणारी चूक. 'सीबीएसई पॅटर्न' म्हणजे सीबीएसईची संलग्नता नव्हे. माझ्या बहिणीने अशाच एका शाळेसाठी घर घेतलं आणि भाची आठवीत गेल्यावर कळलं की संलग्नता मिळालेलीच नाही. ऐन नववीत पोरीची शाळा बदलावी लागली. घर मात्र तिथेच, हप्ते चालू. म्हणून संलग्नता क्रमांक मागा आणि मंडळाच्या संकेतस्थळावर स्वतः पडताळा. "प्रस्ताव पाठवलाय" या उत्तरावर टोकन देऊ नका. शाळेचा 11 अंकी यू-डायस क्रमांकही (सरकारी नोंदीतला शाळेचा ओळख क्रमांक) विचारा, महाराष्ट्रात तो 27 ने सुरू होतो.

शाळा कितवीपर्यंत आहे, हेही बघा. जिल्हा परिषदेच्या बऱ्याच शाळा चौथीला नाहीतर सातवीला संपतात. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पाचवीपर्यंत 30 मुलांमागे एक शिक्षक हवा. वर्गात डोकावून मुलं मोजायला कुणाची परवानगी लागत नसेल तर मोजाच, लागत असेल तर मागा.

आणि पाणी. सांगलीत हे विसरून चालत नाही. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोका पातळी 45 फूट. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांवर गेलं होतं. आपण घर उंचावर आहे ना एवढंच विचारतो. शाळा नदीजवळच्या गावभागाकडे असेल किंवा वाटेत शामरावनगरसारखा पाणी साचणारा भाग असेल, तर घर कोरडं राहूनही पोरगं घरीच बसतं. शाळेच्या शिपायाला विचारा: त्या ऑगस्टात पाणी कुठवर आलं होतं, आणि वर्ग पुन्हा कधी भरले?