देवाशी खरं बोलायचं कसं, म्हणजे डोक्यावर संकट असताना

आपल्याकडे महादेवाच्या देवळात गेलं की आधी नंदीच्या कानात सांगायची पद्धत, तो मग आत पोचवतो. पण नाशिकला पंचवटीत रामकुंडाजवळच्या कपालेश्वराला समोर नंदीच नाहीये. गोष्ट अशी सांगतात की ब्रह्महत्येचं पाप धुवायला रामकुंडात स्नान कर हे शंकराला नंदीनेच सांगितलं, मग शंकराने त्याला गुरू मानलं आणि गुरूला समोर कसं बसवणार. असो, मुद्दा हा की इथे मधला माणूस नाही, जे आहे ते डायरेक्ट.

दोन वर्षांपूर्वी बाबा आयसीयूत होते तेव्हा मी रोज महामृत्युंजय म्हणायचो, तोंडाने मंत्र आणि डोक्यात डिपॉझिटचे पैसे. एक दिवस कपालेश्वराच्या पायऱ्यांवर बसलो आणि मंत्र अर्धवट सोडून म्हटलं, मला तुझा राग आलाय. त्यानंतर कुठे बोलणं सुरू झालं.

तर पहिलं म्हणजे वेळ. सोमवारी नको, महाशिवरात्रीला तर अजिबात नको, रांगेत मागून धक्के खात काय बोलणार, साध्या वारी दुपारी जा. लाज वाटत असेल तर कानात इअरफोन घाला, लोकांना वाटतं कॉलवर आहे, मी हेच केलं. आणि बोलायचं घरच्या भाषेत, "हे परमेश्वरा, कृपादृष्टी असू दे" वगैरे पत्रिकेतली भाषा नको.

दुसरं, नेमकं मागा. "सगळं नीट कर" म्हटलं की आपण स्वतःच सुटतो, काय हवंय ते बघावंच लागत नाही. मी म्हणायचो आज क्रिएटिनिन (किडनीच्या तपासणीतला आकडा) खाली येऊ दे, आज बाबांनी मला ओळखू दे. आणि जे बोलायला घाण वाटतं तेही बोला. मला एकदा वाटलं होतं की सुटले तर बरं, त्यांचेही हाल संपतील आणि माझेही. हे बायकोलाही सांगता आलं नव्हतं, तिथे सांगितलं.

भांडलं तर पाप लागेल अशी भीती असेल तर जनाबाई आठवा, ती विठोबाला सरळ विठ्या म्हणते. तुकोबांची 1630 च्या दुष्काळात बायको अन्न अन्न करत गेली, त्यांनी तर माझ्या लेखी देव मेला असंही म्हटलंय. आणि आपण यांचेच अभंग टाळ वाजवत म्हणतो, मग आपल्याला कसली भीती.

नवस मात्र त्या दिवसांत नको हे माझं मत. अमुक झालं तर अभिषेक करीन म्हटलं की तो व्यवहार होतो, आणि नाही झालं तर आपलंच काही चुकलं असं मनाला लागून राहतं.

शब्दच फुटत नसतील तर नुसतं नाव घ्या, नाहीतर रडा. औषधं अर्थात बंद करायची नाहीत. आणि जगायचंच नको असं यायला लागलं तर ते देवाबरोबर माणसालाही सांगा, टेलिमानसचा 14416 हा सरकारी नंबर फुकट आहे, मराठीत बोलतात.

बाबा गेले. तेराव्यानंतर मी परत त्याच पायरीवर जाऊन बसलो, इअरफोन घातले, आणि अर्धा तास एक शब्द बोललो नाही. रागच होता. तेही चालतं.