आदिवासी मुलामुलींच्या शॉर्ट फिल्मना खरंच हातभार लावायचाय? मग असं करा

जव्हार, मोखाडा, पेठ, सुरगाणा, तिकडे वर धडगाव-अक्कलकुवा, या पट्ट्यात मोबाईलवर नाहीतर मागून आणलेल्या कॅमेऱ्यावर फिल्म करणारी मुलंमुली आता बरीच आहेत. कोणी वारलीत करतंय, कोणी कोकणा बोलीत, कोणी पावरीत. मी नाशिकला एका छोट्या फिल्म क्लबचं काम बघते, त्यामुळे ओळखीतले लोक सारखं विचारतात की आम्हालाही यांच्यासाठी काहीतरी करायचंय पण नेमकं काय करू. दरवेळी फोनवर तेच तेच सांगते, म्हणून आता एकदाच लिहून टाकते.

सगळ्यात आधी फिल्म बघा, आणि जिने बनवलीय तिच्याच चॅनेलवर जाऊन शेवटपर्यंत बघा. हे सोपं वाटतं पण इथेच गडबड होते. फिल्म आवडली की लोक ती डाउनलोड करून व्हॉट्सॲपवर ढकलतात, तिकडे चित्र फाटतं, आवाज बसतो आणि बनवणारीच्या खात्यात एक व्ह्यू पण जमा होत नाही. यूट्यूबच्या जाहिरातीचे पैसे सुरू व्हायला १००० सबस्क्रायबर आणि १२ महिन्यांत ४००० तास बघितलं जाणं लागतं (शॉर्ट्सचा हिशोब वेगळा आहे). १२ मिनिटांची एकच फिल्म धरली तर ती २०,००० वेळा पूर्ण बघितली जायला हवी, तेव्हा कुठे ४००० तास होतात. म्हणजे तुम्ही दोन मिनिटं बघून बंद केली की तेवढंच कमी पडलं. लिंक पाठवा, फाइल पाठवू नका. आणि कमेंटमधे नुसतं 'मस्त' टाकण्यापेक्षा कुठला शॉट लक्षात राहिला ते लिहा, बनवणाऱ्याला पुढच्या फिल्मला त्याचा उपयोग होतो.

आता पैसे. कॅमेरा घेऊन द्यायची सगळ्यांना हौस असते, पण कॅमेऱ्यावाचून सहसा अडत नाही, हातातल्या मोबाईलवर चांगलं शूट होतं. अडतं ते दुसरीकडे. शूटिंगच्या दिवशी सगळ्यांचं जेवण, एसटी नाहीतर जीपचं भाडं, मजुरी बुडवून काम करायला आलेल्या माणसाचा त्या दिवसाचा रोज, फुटेज ठेवायला हार्ड डिस्क, आणि सगळ्यात जास्त म्हणजे साउंड.

साउंडचं एक उदाहरण देते. सुरगाण्याकडे एक मुलगा थाळगानावर फिल्म करत होता. थाळगान म्हणजे काशाच्या थाळीच्या मधोमध मेणाने एक काडी उभी चिकटवायची आणि ती बोटांनी वरून खाली ओढत राहायची, थाळीतून घुमल्यासारखा एकसारखा सूर निघतो आणि त्या सुरावर रात्रभर कथा गायची. याने मोबाईलवर दोन तास रेकॉर्ड केलं, घरी येऊन हेडफोन लावले तर गाणाऱ्या बाबांचा आवाज आहे आणि थाळी जवळपास गायब. मोबाईलमधलं आवाज साफ करणारं सेटिंग चालू राहिलेलं, त्याने तो एकसारखा सूर पंख्याच्या घरघरीसारखा धरून कापून टाकला. बाबांचं वय झालेलं, पुन्हा रात्रभर बसणं त्यांना जमलं नाही, जेमतेम वीस मिनिटं गायले. मला अजून त्या दोन तासांची हळहळ वाटते. तेव्हापासून आम्ही क्लबमधे एक रेकॉर्डर, दोन कॉलर माइक आणि एक चांगला हेडफोन घेऊन ठेवलाय, तो मागेल त्याला पंधरा दिवस द्यायचा, भाडं नाही. तुमच्याकडे धूळ खात पडलेला रेकॉर्डर असेल तर तो असा फिरता ठेवा, चार हजार रुपये दिल्यापेक्षा जास्त काम करेल.

पैसे देताना अटी घालू नका. 'जरा पॉझिटिव्ह दाखव', 'नाच ठेव', 'शेवटी आमच्या संस्थेचं काम येऊ दे' असलं काही सांगायचं नाही. आणि कागदाचं नीट समजून घ्या, कारण इथे चांगली माणसंसुद्धा नकळत नुकसान करतात. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात फिल्मचा कर्ता म्हणजे निर्माता, दिग्दर्शक नाही. वर कोणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन फिल्म केली आणि वेगळा करार नसला, तर पहिला मालक तो सांगणारा ठरतो. म्हणजे तुम्ही प्रेमाने ३०,००० दिले, टायटलमधे निर्माता म्हणून तुमचं नाव आलं आणि कागद काहीच केला नाही, तर पाड्यातल्या गोष्टीवर तुमचा हक्क सांगता येईल अशी वेळ येऊ शकते. म्हणून पैसे देताना एका पानावर साध्या मराठीत लिहून सही करा की ही मदत आहे, निर्माती ती स्वतः आहे, फिल्म कुठे दाखवायची, कोणाला विकायची हे तीच ठरवणार. तुमचं नाव आभारात येऊ दे.

पुढचं काम सबटायटलचं, यात पैसे नसलेला माणूस पण खूप करू शकतो. २०११ च्या जनगणनेत भिली-भिलोडी मातृभाषा सांगणारे १ कोटीच्या वर लोक आहेत, तरी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांत ती नाही, गोंडी पण नाही. या बोलींसाठी तयार शब्दकोश, तयार अनुवादक सहजासहजी हाताशी मिळत नाही, तेव्हा भाषा बोलणाऱ्या माणसाशेजारी बसून एकेक वाक्य समजून घ्यायचं, आधी मराठी करायचं, मग इंग्रजी. एका वेळी स्क्रीनवर दोनच ओळी, वाचून होईल एवढा वेळ, आणि फाइल वेगळी ठेवा, चित्रावर कायमची चिकटवू नका म्हणजे नंतर दुरुस्त करता येते. सगळ्यात महत्त्वाचं, जे शब्द मराठीत नाहीत ते तसेच राहू द्या. वारल्यांची कणसरी ही धान्याची देवी, तिच्या गाण्याखाली सबटायटलमधे 'लक्ष्मी' लिहिलेलं मी स्वतः बघितलंय. लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता, पण फिल्म बघायला आलेल्या वारली आजी ते कळल्यावर गप्प होऊन बसल्या. कणसरीला कणसरीच लिहायचं, बघणाऱ्याला नाही कळलं तर तो विचारेल.

फेस्टिव्हलचं थोडक्यात सांगते. फिल्मफ्रीवे म्हणजे फेस्टिव्हलना फिल्म पाठवायची वेबसाइट, तिच्यावर अकाउंट काढून द्या, फॉर्म भरायला बसा, सारांश लिहायला मदत करा. फी बऱ्याचदा डॉलरमधे असते आणि तारीख जवळ येईल तशी वाढत जाते, म्हणून लवकर भरा, आणि फी माफ करा म्हणून सरळ मेल टाका, काही जण करतात. मुंबईत १९९० पासून होणारा मिफ (मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव) दर दोन वर्षांनी असतो, केरळला तिरुवनंतपुरममधे डॉक्युमेंटरी आणि शॉर्ट फिल्मचा मोठा महोत्सव होतो, टोरोंटोचा इमॅजिननेटिव्ह तर २००० पासून मूळनिवासी लोकांनी केलेल्या फिल्मसाठीच चालतो. पण पैसे घेऊन घरबसल्या अवॉर्ड देणारे ऑनलाइन फेस्टिव्हल पण ढीगभर आहेत. ज्याचा शो कुठल्या हॉलमधे झाला, कोणी बघितला याचा पत्ताच लागत नाही तिथे एक रुपया भरू देऊ नका.

शहरात शो लावायचा असेल तर बनवणारीला बोलवा, येण्याजाण्याचं, राहण्याचं भाडं आणि दाखवण्याचे पैसे आधी ठरवा. ९ ऑगस्टला जागतिक आदिवासी दिन आला की असे फोन येतात, फिल्म फुकट द्या, समाजाचंच काम आहे. एका कार्यक्रमात मंडप होता, डीजे होता, पाहुण्यांना शाली होत्या, आणि फिल्म करणारी मुलगी स्वतःच्या खर्चाने एसटीने आली आणि रात्री स्टँडवर बसून राहिली. मला याचा फार राग येतो. बजेट करताना पहिली ओळ तिची लिहा, बाकीचं नंतर.

आणि शहराच्या आधी फिल्म पाड्यात दाखवा. ब्राझीलमधे १९८६ साली मूळनिवासी लोकांच्या गावांत विडिओ नास आल्देयास (म्हणजे 'गावांतला व्हिडिओ') नावाचं काम सुरू झालं, तिथे शूट केलेलं गावालाच परत दाखवायची पद्धत पडली, आणि लोक आपल्याला बघून काय बदलायचं ते सांगू लागले. ऑस्ट्रेलियात तर मूळनिवासींवरच्या फिल्मसाठी २००९ पासून स्क्रीन ऑस्ट्रेलिया या तिथल्या सरकारी फिल्म संस्थेची मार्गदर्शिकाच आहे, की गोष्ट कोणाची, परवानगी कोणाला विचारायची, वारलेल्या माणसाचा चेहरा दाखवायचा तर घरच्यांना आधी विचारायचं. आपल्याकडेही पूजा करणारा भगत म्हणाला की ही पूजा बाहेर दाखवायची नाही तर ती कापायची, कितीही सुंदर आली असली तरी.

पाड्यातल्या शोसाठी दिवस नीट निवडा. आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत कोणाला वेळ नसतो आणि वरून पाऊस. दिवाळीनंतर बरीच घरं वीटभट्टीवर निघून जातात, अर्धा पाडा रिकामा. होळीला मात्र सगळे परत येतात, तेव्हा ठेवा, पण होळी पौर्णिमेची, चांदण्यात पडदा फिका दिसतो, म्हणून शाळेच्या भिंतीची सावलीची बाजू धरा किंवा चार-पाच दिवस पुढे जा म्हणजे चंद्र उशिरा उगवतो. पांढरी चादर कडक ताणून बांधा, स्पीकर पडद्याजवळ ठेवा, प्रोजेक्टरपाशी नको. लाइट जाणार हे धरून इन्व्हर्टर न्या. पहिल्यांदा फिल्म लागली की लोक ओळखीचे चेहरे बघून एवढा गलका करतात की काही ऐकू येत नाही, तेव्हा घाई करू नका, थोडं थांबून सुरुवातीपासून परत लावा.