जुन्या गोव्याला निघालात? बेळगावकरांनो, या चुका टाळा

पहिली चूक मी स्वतः केलेली आहे, म्हणून तिथनंच सुरुवात करतो. आत्याला आणि तिच्या दोन मैत्रिणींना घेऊन जुनं गोवं दाखवायला निघालो होतो. मोबाईलच्या नकाशात 'गोवा वेल्हा' टाकलं. वेल्हा म्हणजे जुनं, एवढं पोर्तुगीज मला येत होतं. पणजी मागं पडली, मडगावचा रस्ता लागला, तरी नकाशा आपला 'सरळ जा' म्हणतोय. शेवटी एका वळणावर त्यानं जाहीर केलं, पोहोचलात. समोर माड, एक बेकरी आणि शटर ओढलेलं दुकान. आत्या म्हणाली, "ह्याच्यासाठी पहाटे पाचला उठवलंस काय रे?"

घोळ नावाचा आहे. मांडवीकाठचं, मोठमोठ्या चर्चचं जुनं गोवं म्हणजे 'वेल्हा गोवा'. शब्द उलटे केले की 'गोवा वेल्हा' होतं आणि ते गाव आहे झुआरीच्या बाजूला. गंमत म्हणजे ते चर्चवाल्या गोव्यापेक्षाही जुनं. गोव्यावर राज्य केलेल्या कदंब घराण्याचं गोपकपट्टण बंदर तिथलं. ते मागं पडलं आणि व्यापार मांडवीवरच्या एळा गावाकडं सरकला, तेच आजचं चर्चवालं जुनं गोवं. हे कदंब आपल्याला परके नाहीत. खानापूर तालुक्यातली हलशी ही त्यांची दुसरी राजधानी. भूवराह नरसिंहाच्या देवळात आपण लहानपणापासून जातो, पण त्या देवळामागच्या राजांचं समुद्रावर बंदर होतं, हे शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. गोव्याच्या सरकारी बसवर 'कदंब' लिहिलेलं असतं, ते हेच. तेव्हा चुकून तिकडं पोहोचलातच, तर जवळ पिलारच्या सेमिनरीत छोटं संग्रहालय आहे, ते बघून घ्या. आणि नकाशात 'ओल्ड गोवा' किंवा सरळ 'बॉम जिझस बॅसिलिका' टाका.

नदी न बघता परत येणं

ही माझ्या मते सगळ्यात मोठी चूक, आणि शंभरातले नव्वद जण ती करतात. गाडी लावली, बॅसिलिका बघितली, रस्ता ओलांडून से कॅथेड्रल बघितलं, फोटो काढले, आणि मग 'चला, कळंगुट!' घरी येऊन म्हणतात, 'काय नाही हो, नुसती चर्चच आहेत.'

अहो, ते बंदर होतं! बंदरात माणूस नदीकडनं येतो. तुम्हीही आधी खाली धक्क्यावर जा. फेरीबोट लागते त्याच्या अलीकडं व्हाइसरॉयची, म्हणजे पोर्तुगीज राजाच्या इथल्या प्रतिनिधीची, कमान आहे, १५९९ ची. वास्को द गामाच्या पणतूनं तो इथला व्हाइसरॉय असताना ती बांधली आणि पणजोबाचा पुतळा वर बसवला. पोर्तुगालहून आलेला नवा व्हाइसरॉय जहाजातनं उतरायचा तो या कमानीतनं शहरात शिरायचा. पाठ नदीकडं करून कमानीतनं वर चालायला लागा. तेवढ्या शंभर पावलांत शहराची रचना ध्यानात येते, जी बसच्या पार्किंगमधनं कधीच येत नाही.

थोडं पुढं सेंट कॅजेटनचं चर्च. रोमच्या सेंट पीटर्सच्या धर्तीवर बांधलेलं, वर घुमट. लोक घुमटाचा फोटो काढून निघतात, आणि आवारात एक काळ्या दगडाची चौकट एकटीच उभी आहे, तिच्याकडं बघतही नाहीत. नुसतं दार, मागं घर नाही. विजापूरच्या आदिलशाहाच्या वाड्याचं ते दार. जवळ जाऊन नक्षीवरनं हात फिरवा (म्हणजे नजर फिरवा, हात नको), जाळीचे दगड बघा. आपल्याकडच्या एखाद्या जुन्या देवळाच्या गाभाऱ्यापाशी उभं राहिल्यासारखं वाटतं. १५१० मध्ये पोर्तुगीज सेनानी आल्बुकर्कनं हे शहर आदिलशाहाकडनं घेतलं, काही महिन्यांत गमावलं आणि नोव्हेंबरात पुन्हा घेतलं. अरबस्तानचे घोडे याच बंदरात उतरत आणि घाट चढून विजयनगर, विजापूरकडं जात. घोडे आता येत नाहीत. उलट आपल्याकडची भाजी रोज घाट उतरून गोव्याला जाते.

चोर्ला घाटानं जाणार असाल तर नदीकडनं शिरायची आणखी एक छान सोय आहे. साखळीहून डिचोलीमार्गे नार्व्याला या. तिथं सप्तकोटेश्वर, कदंबांचं दैवत. मूळ देऊळ दिवाडी बेटावर होतं, पोर्तुगीजांनी ते पाडलं. लिंग नदीपल्याड नार्व्याला आणलं गेलं आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथं देऊळ उभारायला लावलं, दारावर तसा शिलालेख आहे. दर्शन घेऊन फेरीबोटीनं दिवाडीवर, बेट ओलांडून दुसऱ्या फेरीबोटीनं थेट जुन्या गोव्याच्या धक्क्यावर. गाडी बोटीत चढते. दुसऱ्या खेपेला आत्याला असंच नेलं. बोटीच्या कठड्याला धरून ती झाडीतनं वर येणारे मनोरे बघत होती आणि सगळा रस्ता गप्प होती, म्हणजे आवडलं असावं.

वार न बघता जाणं

संग्रहालयं सोमवारी बंद असतात, हे आपल्या डोक्यात बसलेलं असतं. से कॅथेड्रलशेजारचं पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय मात्र शुक्रवारी बंद. मी सोमवार टाळून शुक्रवारी गेलो होतो! तिथं कदंबकाळातले वीरगळ आणि मूर्ती आहेत, व्हाइसरॉयांची चित्रांची रांग आहे. एकाच इमारतीत दोन्ही बघितल्याशिवाय हे शहर कुणाकुणाच्या हातातनं गेलं ते कळत नाही.

रविवारी सकाळी चर्चमध्ये प्रार्थना असते, तेव्हा बाहेर थांबावं लागतं. ३ डिसेंबरला सेंट फ्रान्सिस झेवियरचं फेस्त, म्हणजे उत्सव. आधीचे नऊ दिवस नोव्हेना, म्हणजे रोजच्या प्रार्थना. त्या गर्दीत फेस्त बघायचं असेल तर जरूर जा, निवांत इमारती बघायच्या असतील तर नको.

आणि 'बॉडी बघायला मिळते काय?' हा प्रश्न. झेवियर १५५२ मध्ये चीनजवळच्या बेटावर वारले, पार्थिव पुढं गोव्यात आणलं. ते चांदीच्या पेटीत, उंच संगमरवरी चौथऱ्यावर असतं. दर दहा वर्षांनी खाली आणतात. मागचं दर्शन नोव्हेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ असं झालं. एरवी मान वर करून पेटीच बघायची. तीच नीट बघा, ती सतराव्या शतकातल्या गोव्याच्या सोनार-कारागिरांनी घडवलेली आहे. चौथरा फ्लॉरेन्सहून आलेला, तिथल्या ड्यूकनं पाठवलेला.

बॅसिलिकेचा लाल जांभा बघून 'आहा, मूळ रूप' म्हणू नका. भिंतींना चुन्याचा गिलावा होता, तो गेल्या शतकात, १९५० च्या दशकात काढला. उघडा जांभा पावसात किती पाणी पितो, ते खानापूर-जांबोटीकडच्या माणसाला सांगायला नको.

बारीकसारीक

खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घाला. समुद्रावरनं तसेच ओल्या बर्म्युड्यात आलेल्यांना दारात थांबवतात आणि मग सगळा ग्रुप त्यांच्यासाठी खोळंबतो. छत्री न्या, पाऊस नसला तरी. दोन चर्चमधलं पटांगण दुपारी तव्यासारखं तापतं.

सेंट ऑगस्टिनच्या पडक्या चर्चचा मनोरा चढावर आहे म्हणून सोडू नका. सेहेचाळीस मीटरचा होता, १९३१ मध्ये अर्धा ढासळला. त्याची घंटा आता पणजीच्या पायऱ्यांच्या चर्चमध्ये वाजते, संध्याकाळी तिथं गेलात तर वर बघा.

दुकानात, बोटीवर उगाच हिंदी झाडू नका. सरळ मराठीत बोला, समोरचा कोकणीत उत्तर देईल, आणि रस्ता दोन वाक्यं जास्त सांगेल.

गाडीचा विमा आणि पीयूसी कागद हाताशी ठेवा, बेळगावची केए २२ ची पाटी लांबनं दिसते. येताना डिकीत बाटल्या भरू नका, हद्दीवर तपासणी असते आणि सगळ्या घरादारासमोर डिकी उघडावी लागते. पावसाळ्यात संध्याकाळी पाचनंतर चोर्ला घाटात शिरू नका. धुक्यात बॉनेटसुद्धा दिसत नाही. सापडलातच तर पहिल्या उघड्या टपरीपाशी गाडी बाजूला घ्या, दिवे चालू ठेवा आणि चहा सांगा.