गोव्यात राहायला येताय? घर पावसात बघा

डिसेंबरात घर बघून करार करू नका. तेव्हा इथलं प्रत्येक घर सुंदरच दिसतं. मी फोंड्यात राहते आणि घाटावरून येणाऱ्या प्रत्येकाला सांगते: जुलैत या, पाऊस कोसळत असताना या आणि नैऋत्येकडच्या भिंतीवर आतून हात ठेवून बघा. वारा त्याच बाजूने पाऊस झोडपतो. भिंत ओलसर लागली, रंगाचे पोपडे सुटलेले दिसले, की कपाटात बुरशी ठरलेली. घर कौलारू असेल तर मे महिन्यात कौलं कोण परतणार, म्हणजे काढून पुन्हा नीट बसवणार, हे मालकाशी आधीच बोलून घ्या.

पाऊस साधारण जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो. वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर, म्हणजे सोलापूरच्या चौपटीहून जास्त. सत्तरी तालुक्यात तर आणखी.

बेगमी मेमध्येच करा. मडगावचं पुरुमेंताचं फेस्त, म्हणजे बेगमीच्या सामानाची जत्रा, त्यासाठीच भरतं: सुक्या मिरच्या, कोकम, सुके बांगडे, सुंगटं (कोलंबी). १ जून ते ३१ जुलै ट्रॉलरना मासेमारीबंदी असते, त्यामुळे ताजी मासळी कमी आणि महाग.

कपाटं भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. चामड्याच्या चपला, रेशमी साड्या, मुलांची प्रमाणपत्रं घट्ट झाकणाच्या डब्यांत ठेवा. कपडे वाळवायची दोरी घरातच, पंख्याखाली बांधा. झाडं पडून वीज जाते, इन्व्हर्टर हवाच. गाडी माडाखाली लावू नका, कृपा करून.

ऑक्टोबरात ऊन तापलं की गाद्या, पुस्तकं, मसाले सगळं बाहेर काढून उन्हं दाखवा.