घरगुती फोटो-स्टुडिओ: आणखी एक लाइट घेण्याआधी या चुका टाळा

कोपरखैरणे, नेरूळ, कळवा, घोडबंदर रोड... घरबसल्या साड्या आणि दागिने विकणाऱ्या कितीतरी जणी या भागात आहेत. फोटो मनासारखा आला नाही की त्या आणखी एक लाइट मागवतात. पण बहुतेक घरांत उजेड पुरेसा असतो. गडबड असते ती उजेडाच्या रंगात, आकारात किंवा अंतरात.

रंगांची सरमिसळ ही सगळ्यात महागात पडणारी चूक. हॉलमधली ट्यूब 6500 केल्विनची (केल्विन म्हणजे उजेडाचा रंग मोजायचं एकक), निळसर पांढरी. कोपऱ्यातला शोभेचा बल्ब 2700 ते 3000 केल्विनचा, पिवळा. वर खिडकीतला दिवसाचा उजेड. तिन्ही एकत्र आले की साडीचा एक काठ पिवळट दिसतो आणि दुसरा निळसर. मग ॲपमध्ये एक बाजू सुधारावी तर दुसरी बिघडते. म्हणून फोटो काढताना एकाच प्रकारचा उजेड ठेवा, बाकीचे दिवे बंद करा. पावसाळ्यात समोरच्या इमारतीवर निळी ताडपत्री असेल किंवा तुमच्याच ग्रिलला हिरवं शेडनेट असेल, तर खिडकीतला उजेडही रंग घेऊनच आत येतो. अशा वेळी जाड पडदा ओढून फक्त दिव्यांवर काम करा.

मोबाइलचा ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं म्हणून रंग आपोआप जुळवणारी सोय, हीही दगा देते. फ्रेमभर लाल साडी आली की ती आपल्या मनाने रंग बदलते. त्याच उजेडात आधी कोरा पांढरा कागद धरा, कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये (जिथे सेटिंग हाताने बदलता येतात) व्हाइट बॅलन्स जुळवा आणि मग तो आकडा हलवू नका. बल्ब घेताना खोक्यावर सीआरआय (त्या उजेडात रंग किती खरे दिसतात याचा आकडा) 90 किंवा जास्त आहे का ते बघा. कमी सीआरआयच्या एलईडीखाली डाळिंबी आणि कुंकवासारखे गडद लाल रंग मलूल पडतात. ‘फोटोत वेगळा रंग होता’ म्हणून साडी परत येते आणि गिऱ्हाइकाचा विश्वासही जातो, त्यामुळे इथे पैसे वाचवू नयेत असं मला मनापासून वाटतं.

सावल्या कडक येतात? उघडा बल्ब वस्तूच्या मानाने लहान असतो, म्हणून. दिव्यापुढे ट्रेसिंग पेपर किंवा पांढरं सुती कापड ताणून लावा आणि तो सगळा पडदा वस्तूच्या जवळ आणा. दोन फुटांवरचा पडदा आठ फुटांवर नेला की वस्तूच्या नजरेतून तो पुन्हा लहान होतो आणि सावलीची कड परत धारदार होते. उजेडही झपाट्याने घटतो: उघड्या बल्बचं अंतर दुप्पट केलं की उजेड चौथाई उरतो. दुसऱ्या बाजूला उजेड परतवायला टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल किंवा पांढरा कार्डशीट उभा करा. बऱ्याचदा दुसऱ्या लाइटची गरज तिथेच संपते.

पैठणीला मात्र समोरून सपाट उजेड देऊ नका, जरीची चमक मरते. दिवा बाजूने, कापडाच्या पातळीच्या थोडा वर ठेवला की विणीचा उठाव दिसतो. ठुशीचं उलटं: चकचकीत मणी समोरचं सगळं दाखवतात, अगदी तुमचा हात आणि मोबाइलसुद्धा. तिच्या भोवती तिन्ही बाजूंनी पांढरा कागद उभा करा.

फोटोवर आडवे पट्टे येत असतील तर कॅमेऱ्यात खोट काढू नका. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त एलईडी सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात. प्रो मोडमध्ये शटरचा वेग 1/100 किंवा 1/50 सेकंदावर ठेवून बघा.

ट्रेसिंग पेपर तापणाऱ्या दिव्याला चिकटवू नका, हॅलोजनपुढे तर तो वापरूच नका. पंख्याच्या वाऱ्याने हलका स्टँड कलंडतो, म्हणून त्याच्या पायाशी तांदळाची पाच किलोची पिशवी टाका.