बंद टॉकीजचं सांस्कृतिक केंद्र करायचंय? आधी छपरावर चढा

पुण्यात मंडईत आर्यन वाहनतळावर गाडी लावणाऱ्या किती जणांना माहितीये की तिथे १९१५ साली सुरू झालेलं आर्यन टॉकीज होतं? शेजारच्या मिनर्व्हाचंही तेच, नाव फक्त वाहनतळाला उरलंय. उलट प्रभात बघा, २१ सप्टेंबर १९३४ ला सुरू झालं, २०१४ च्या शेवटी चालवणाऱ्यांचा भाडेकरार संपला तेव्हा सगळ्यांना वाटलं आता गेलं, पण मूळ मालकांनी किबे लक्ष्मी म्हणून ते चालू ठेवलं. जे टॉकीज वापरात राहतं ते टिकतं. आम्ही काही जण एका पेठेतल्या बंद टॉकीजवर काम करतोय, त्यात जे कळलं ते लिहितोय, कुणाला तरी उपयोग होईल.

सगळ्यात आधी छप्पर. रंग नाही, पडदा नाही, खुर्च्या नाहीत. आम्ही हीच चूक केली, मोठ्या हौसेने आधी भिंती रंगवल्या आणि जुलैमध्ये बाल्कनीच्या डाव्या कोपऱ्यातून पाणी आलं, सगळा रंग पापुद्र्यासारखा सुटून आला, पैसे गेले ते गेलेच. म्हणून इमारत पहिल्यांदा बघायची ती भर पावसात, आणि जमलं तर तिथल्या जुन्या डोअरकीपरला घेऊन. पाणी कुठून येतं, कुठली मोरी तुंबते, कुठल्या वाशाला वाळवी लागलेली हे त्या माणसाला पाठ असतं. त्यानंतर स्ट्रक्चरल ऑडिट, ३० वर्षांपुढच्या इमारतीला ते तसंही करावंच लागतं. भिंती चुन्यातल्या असतील तर वरून सिमेंटचं प्लास्टर अजिबात मारू देऊ नका, आतली ओल बाहेर पडायला वाट राहत नाही आणि भिंत आतून कुजते. गवंडी म्हणेल सिमेंटच पक्कं, पण ऐकू नका, चुन्याचं काम येणारा माणूस शोधा. आणि छपराला जुने सिमेंटचे पत्रे असतील तर त्यात बहुतेक ॲस्बेस्टॉस असतं, त्याची धूळ फुप्फुसाला घातक, म्हणून ते पत्रे फोडायचे किंवा ड्रिल करायचे नाहीत, माहितगार माणसाकडूनच काढून घ्यायचे.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो. महापालिकेच्या हेरिटेज सेलमध्ये जाऊन इमारत यादीत आहे का, असेल तर कुठल्या ग्रेडमध्ये, हे बघा, कारण काय बदलता येईल ते त्यावर ठरतं. संस्था रजिस्टर करायची तर निदान ७ जण लागतात आणि मग धर्मादाय आयुक्तांकडे ट्रस्ट म्हणून नोंदणी. मालकाशी ११ महिन्यांचं लीव्ह अँड लायसन्स करून हे काम होत नाही, छप्पर तुम्ही दुरुस्त करणार आणि वर्षभराने जागा सोडणार असं कसं चालेल, निदान ९-१० वर्षांचा रजिस्टर्ड करार मागा. मालकाच्या घरात भाऊ-भाऊ, चुलत-चुलत असतात, सगळ्यांच्या सह्या घ्या, एकाची राहिली तर पुढे तीच नडते. फायरच्या यंत्रणेचं प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैला द्यावं लागतं, ते कॅलेंडरवर लिहूनच ठेवा. नाटक करणार तर संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून मंजूर झालेली हवी, ते नाटकवाले बघतात पण प्रत तुमच्याकडे असू द्या.

आता मेन गोष्ट, स्टेज. टॉकीजमध्ये स्टेज नसतं हे बरेच जण विसरतात. पडद्यामागे स्पीकर ठेवण्यापुरती ४-५ फूट जागा असते, विंग नाही, ग्रीनरूम नाही. मग स्टेज पुढे आणावं लागतं आणि पुढच्या ३-४ रांगा जातात, त्याला इलाज नाही, उगाच सीट वाचवत बसू नका. उंची ठरवायची तर ड्रॉइंगवर ठरवू नका. आम्ही काय केलं, स्टेज येणार तिथे टेबलं मांडली, त्यावर सतरंजी टाकून एका मुलीला तानपुरा घेऊन बसवलं आणि आम्ही प्रत्येक रांगेत जाऊन बसलो. पडदा उंचावर असतो त्यामुळे टॉकीजचा उतार बेताचा असतो, उभा नट सगळ्यांना दिसतो पण मांडी घालून बसलेल्या गायिकेचं सातव्या रांगेतून फक्त कपाळ दिसत होतं. टेबलांखाली विटा ठेवत ठेवत गेलो, ३ फुटांवर ती नीट दिसायला लागली. आणि बाल्कनीच्या पहिल्या रांगेतून कठड्याने स्टेजची पुढची कड झाकली जात होती, हे तिथे बसल्याशिवाय कळलंच नसतं. हॉलचा उतार भरून सपाट करायचा सल्ला हमखास मिळतो, प्लीज करू नका, सपाट जागा हवी असेल तर फॉयर, म्हणजे हॉलबाहेरची प्रवेशाची मोकळी जागा, आहे की.

आवाजाचं पण तसंच. हॉलच्या मध्यभागी उभं राहून जोरात एक टाळी वाजवा आणि ऐका. भिंतींना आवाज शोषणारे जुने बोर्ड लावलेले असतील तर आवाज लगेच मरतो, बोलण्याला आणि नाटकाला ते छान, पण माइकशिवाय गाणाऱ्याला हॉल कोरडा वाटतो. आमच्याकडे म्हणून छोट्या बैठका फॉयरमध्येच होतात, तिथे शहाबादी फरशी आणि उंच छत आहे, तंबोरा काय सुंदर लागतो. बोर्ड काढायच्या आधी गाणाऱ्याला आणि नटाला दोघांनाही एकेक संध्याकाळ हॉल द्या आणि त्यांचं ऐका. बोर्ड ठेवणार असाल तर आगीच्या दृष्टीने मात्र तपासून घ्या.

विजेचं बिल बघून धक्का बसेल. टॉकीजचा मंजूर लोड मोठा असतो आणि बंद असलं तरी त्याचा फिक्स्ड आकार येत राहतो, तेव्हा महावितरणकडे लोड कमी करायचा अर्ज पहिल्याच महिन्यात टाका.

पैसे कुठून येणार? मोठे कार्यक्रम करून नाही, ते महिन्यातून दोन-तीन होतात. तालमींमधून येतात. पावसाळ्यात पुरुषोत्तम करंडक या कॉलेजच्या एकांकिका स्पर्धेच्या तालमी सुरू झाल्या की कॉलेजची पोरं जागेसाठी वणवण फिरतात, त्यांना परवडेल अशा दरात तासावर जागा द्या. सकाळी कथकचा क्लास, दुपारी बायकांचं भजनी मंडळ, संध्याकाळी तालीम, असं दिवसभर दार उघडं राहिलं पाहिजे. बंद हॉलला कुबट वास लागतो आणि उंदीर येतात, रोज माणसं आली की यातलं बरंच आपोआप कमी होतं. सायकल स्टँडची जागा टू-व्हीलरसाठी ठेवा, आणि आवाज १० च्या आत बंद. शेजारचे वाडेवाले खूश असले तर निम्म्या अडचणी येतच नाहीत.

ऑपरेटरची केबिन मोडू नका. तिथल्या छोट्या खिडक्यांना लोखंडी झडपा का असतात हे शाळेतल्या पोरांना दाखवा, पूर्वीची नायट्रेटची फिल्म झटकन पेट घ्यायची, आग हॉलमध्ये जाऊ नये म्हणून त्या झडपा खाली पाडायच्या. बुकिंगच्या खिडकीचं लाकूड हात घालून घालून गुळगुळीत झालेलं असतं, त्याला पॉलिश नको, तसंच ठेवा आणि तिथूनच तिकिटं द्या.

पहिला कार्यक्रम नावाजलेला कलाकार बोलावून करायचा मोह होतो. त्यापेक्षा जुना डोअरकीपर, बुकिंग क्लार्क, ऑपरेटर, कँटीनवाले काका, समोरचा पानवाला, सगळ्यांना बोलवा, सतरंज्या टाका, चहा ठेवा आणि रेकॉर्डिंग लावून त्यांना बोलू द्या. आमच्याकडे ऑपरेटर काका ४० वर्षांनी केबिनमध्ये गेले, अंधारात हात लांबवला आणि स्विच बरोबर सापडला त्यांना.