साक्षीदाराच्या आठवणीवरून चेहरा रेखाटताना या चुका टाळा

निपाणीच्या किंवा खानापूरच्या बाजारात भरदिवसा सोनसाखळी हिसकावली जाते, सीसीटीव्हीत चोराची फक्त पाठ दिसते आणि तपास साक्षीदाराच्या आठवणीवर येऊन ठेपतो. रेखाचित्र जुळले नाही की बोल चित्रकाराला लागतो. माझ्या मते मात्र दोष बहुधा त्याआधीच्या विचारपुशीत असतो.

“नाक धारदार होते की बसके?” असे विचारले, की ठाण्यात बसून आधीच बावरलेला माणूस साहेबांना बरे वाटावे म्हणून दोहोंतले एक सांगून टाकतो. त्याऐवजी तो स्वतः कुठे उभा होता, उजेड कसा होता, हातात काय होते, हे त्याला मध्येच न तोडता बोलू द्यावे. फिशर आणि गाइझेलमन या मानसशास्त्रज्ञांनी १९८०च्या दशकात मांडलेल्या मुलाखतपद्धतीचा गाभा हाच आहे. सीमाभागात साक्षीदार मराठीत सांगतो आणि नोंद कन्नडमध्ये होते. तेव्हा “डोळे जरा आत, झोप न झाल्यासारखे” याचे मधला माणूस नुसते “खोल डोळे” करून टाकतो. दुभाष्याने वाक्यागणिक सांगावे, सारांश देऊ नये.

दुसरी चूक अवयव सुटे जुळवण्याची. १९५९चे आयडेंटिकिट आणि १९७०चे फोटोफिट हे चेहरा जुळवण्याचे संच याच धर्तीचे होते. परंतु चेहरा आपण अखंड पाहतो, त्यामुळे भुवया बदलल्या तरी नाकही निराळे भासते. चित्र अडले, तर एकच अवयव घासत बसू नये; आधी वय, चेहऱ्याची ठेवण आणि डोळ्यांमधले अंतर पाहावे व प्रत्येक बदल पूर्ण चेहऱ्यावरच दाखवावा. इव्होफिट या संगणक प्रणालीत तर साक्षीदार अख्खे चेहरेच निवडतो आणि त्यांच्या मिश्रणातून पुढचे चेहरे तयार होतात.

अनोळखी माणसाचे केस आणि चेहऱ्याची कड लक्षात राहते. त्याच्या ओळखीचे लोक मात्र त्याला डोळे, नाक, तोंड यांवरून ओळखतात. म्हणून केशरचनेवर तासभर घालवून मधला भाग अंदाजाने भरणे महागात पडते. हेल्मेटने वा रुमालाने झाकलेला भाग झाकलेलाच ठेवावा.

दोन साक्षीदार असतील, तर त्यांना एकत्र बसवून चर्चेने एकमत घडवू नये. चित्रे स्वतंत्र काढावीत. ओळख परेडपूर्वी संशयिताचा फोटो दाखवला, तर नंतरच्या ओळखीवर न्यायालयात बोट ठेवले जाते. रेखाचित्र हा तपासाचा धागा आहे, गुन्ह्याचा पुरावा नव्हे. त्यामुळे प्रत्येक मसुद्यावर तारीख व वेळ घालून तो जपून ठेवावा, खोडलेलाही.